बिल्ला काढल्याशिवाय पाणी नाही

आमच्या कॉलनीतले वायरमनकाका एखाद्याला बाजूला घेऊन कानात काही सांगायला लागले की ते निम्म्या हिंगोलीला कळायचं. त्यात त्यांचा दोष नव्हता. वीज खात्यात बत्तीस वर्षं माणूस खांबावर होता. वरून खालच्या मदतनिसाला 'पक्कड दे' म्हणायचं तर तीस फुटांवरून म्हणावं लागतं, आणि एकदा गळ्याला तीस फुटांची सवय लागली की शेजारी मांडीला मांडी लावून बसलेला माणूसही तीस फूट खालीच उभा वाटतो. एकदा त्यांनी मला, "कोणाला सांगू नका सर," म्हणून एका घरातली गोष्ट सांगितली. मागच्या गल्लीतून लगेच एका बाईंनी विचारलं, "काहून सांगू नये?"

चालताना त्यांची नजर कायम वर, तारांवर. कुठल्या खांबावर कावळ्यानं घरटं बांधलं, कुठली तार सैल झाली, हे त्यांना घरबसल्या सांगता यायचं. पायाखालचं मात्र काही कळायचं नाही. गावात असा एकही खड्डा नव्हता ज्यात काका एकदा तरी जाऊन आले नव्हते. नवीन खड्डा पडला की लोक म्हणायचे, काकांना दाखवला का?

दुसरी खोड हाताची. कुठल्याही वस्तूला ते आधी हाताची पालथी बाजू लावत. तळहात लावला आणि आत करंट असला तर मूठ आवळते, माणूस चिकटतो. पालथा हात असला तर झटक्यानं मागे येतो. हे शास्त्र खरं आहे. पण काका ते शास्त्र चहाच्या कपाला लावत, टोमॅटोला लावत, देवळाच्या घंटेला लावत. शेजारच्या लग्नात स्टेजवर गेले तेव्हा त्यांनी नवरदेवाच्या खांद्याला आधी पालथा हात लावून पाहिला, "बराबर हाय" म्हणाले, आणि मगच हात मिळवला. नवरदेव पुढचे दोन तास आपल्याला काय झालंय या काळजीत होता.

मी तेव्हा आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाळेत मास्तर होतो. हिंगोलीहून रोज जीपनं जायचं-यायचं. त्या जीपमध्ये माणसं इतकी कोंबलेली असत की उतरताना आपले पाय कोणते हे शेजाऱ्याला विचारून घ्यावं लागे. असा माणूस घरी आला की त्याला आडवं व्हावंसं वाटतं, हे कोणीही समजून घेईल. वायरमनकाकांनी ते सहा वर्षांत एकदाही समजून घेतलं नाही. दर रविवारी सकाळी सहाला ते आमच्या दारासमोर उभे राहून मला हळू आवाजात हाक मारत, आणि चार गल्ल्या जाग्या होत.

काम असायचं मोकळ्या जागेवर. कॉलनीच्या नकाशात तिला मोकळी जागा म्हटलेलं असलं तरी ती अजिबात मोकळी नव्हती. तिथं वेड्या बाभळी होत्या, सगळ्यांच्या घरांच्या बांधकामाचं उरलंसुरलं होतं आणि डुकरं होती. त्यातलं एक डुक्कर इतकं जुनं होतं की पहिला प्लॉट विकला गेला तेव्हा ते साक्षीदार म्हणून हजर असावं. मधोमध जुनी विहीर. इथं शेत होतं तेव्हाची, पाच परस, म्हणजे तीसेक फूट खोल, गाळानं निम्मी बुजलेली.

रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काका कोयता घेऊन तिथं शिरले. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, बत्तीस वर्षं तारेच्या आड आलं म्हणून झाड तोडलं, आता जरा उलटं करून बघू.

आणि केलं उलटं. तिसऱ्या वर्षी तिथं असं काही पिकायला लागलं की सांगितलं तर खोटं वाटेल, म्हणून मी थोडं कमी करून सांगतो. तिथला दोडका एकदा पाटलांच्या गच्चीवरून निघून कुलकर्ण्यांच्या गच्चीवर जाऊन लागला आणि दोन्ही घरांत भाजी एकाच दोडक्याची झाली. शेवग्याची शेंग मी स्कूटरवर घेऊन निघालो तर चौकात पोलिसानं थांबवून शेंड्याला लाल फडकं बांधायला लावलं. हळदीचा एक वाफा होता, त्याच्या बाजूनं पांढरा सदरा घालून कोणी जात नसे.

झाडं लावायची काकांची रीतही जगावेगळी. बाकीचे लोक जमीन बघून झाड लावतात, काका आभाळ बघून लावत. वरून तार कुठून गेलीय ते बघायचं, मग चार पावलं बाजूला सरकायचं, मग खड्डा. एकदा मी कंटाळून म्हणालो, काका, कडुनिंब तारेला लागायला वीस वर्षं जातील. ते म्हणाले, "व्हय. अन् वीस वर्षांनी माझ्यासारखा एक जण कोयता घेऊन येईल. त्याच्यासाठी लावू का?"

पण या सगळ्यापेक्षा नावाजलेले होते ते बिल्ले.

बागेच्या तोंडाशी एक खांब होता, त्यावर मोटरचा स्टार्टर. स्टार्टरच्या बरोबर वर एक फळी, फळीवर खिळे. श्रमदानाला येणाऱ्या प्रत्येकाच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला काकांनी रंगवून ठेवला होता. आत जाताना आपला बिल्ला आपल्या हातानं खिळ्याला अडकवायचा, बाहेर जाताना आपल्या हातानं काढून डब्यात टाकायचा. दुसऱ्यानं दुसऱ्याचा काढायचा नाही, नवऱ्यानं बायकोचासुद्धा नाही. आणि फळीवर एक जरी बिल्ला लटकत असला तरी मोटर सुरू होणार नाही. झाडं सुकोत, माणसं तहानोत, बिल्ला काढल्याशिवाय पाणी नाही.

का, ते समजायला सोपं होतं. मोटर पाणबुडी, विहिरीच्या तळाशी. खाली कोणी पाण्यात उभं असताना ती सुरू झाली आणि वायर कुठं कच्ची असली तर संपलं. पण आम्ही शिकलेली माणसं. आम्ही म्हणायचो, काका, विहीर उघडी आहे, वाकून बघा, दिसतंय ना कोणी नाही ते. त्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "डोळ्यानं मोजलं ते मोजलं न्हाई." आम्ही चेष्टेत हे वाक्य कुठंही वापरायचो. पानात किती पुऱ्या वाढल्या म्हणून बायकोनं विचारलं तरी हेच.

या बाबतीत काकांची कधीच चेष्टा न करणारा एकच माणूस होता, किसनराव. रोपांची जबाबदारी त्यांच्याकडे. बोलायला कमी, आणि उजवा हात कोपराखाली नव्हता. तो कसा गेला हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. तेवढ्या एका गोष्टीत आमची कॉलनी सभ्य होती. डाव्या हातानं ते इतकी नाजूक रोपं उपटून लावत की रोपाला जागा बदलल्याचं दोन दिवस कळत नसे.

मग त्या वर्षी बातमी आली की मोकळ्या जागेवर व्यापारी गाळे काढायचा प्रस्ताव आहे. कागदोपत्री ती जागा पडीकच होती. आम्ही अर्ज केला की इथं बाग आहे. उत्तर आलं, नगरपालिकेच्या मुख्याधिकारी मॅडम स्वतः एक मेला, झेंडावंदन उरकून, पाहणीला येतील. बागेला स्वतःचं पाणी आहे का आणि राबणारी माणसं आहेत का, हे त्या बघणार, आणि तिथल्या तिथं शेरा लिहिणार.

काकांना मी तेवढा एकदाच घाबरलेला पाहिला. हळू बोलायला लागले. म्हणजे फक्त आमच्या गल्लीला ऐकू जाईल इतकं. ठरलं असं, की एक मेला सकाळी सहापासून सगळ्यांनी श्रमदान करून विहिरीतला गाळ काढायचा आणि दहा वाजता मॅडमसमोर मोटर सुरू करायची. पाणी दाखवायचं, माणसं दाखवायची, झालं.

तेवीस जण आलो. तेवीस बिल्ले फळीवर. एक मेचं हिंगोलीतलं ऊन म्हणजे सकाळी सातलाच असं की विहिरीतून वर आलेला गाळ टोपलीतच भाजून निघायचा, खाली विटाच पडायच्या. मी साडेआठपर्यंत दोर ओढला. माझ्या अंदाजानं मी एकट्यानं चाळीस गाडी गाळ काढला. बाकीच्यांचा अंदाज चार टोपल्या. मग, मागच्या कुंपणाकडं बघून येतो, असं कोणाला न सांगता मी मागच्या कुंपणाकडं गेलो, आणि त्याच्याही मागं गेलो, म्हणजे घरी.

बायको माहेरी, हट्ट्याला. मला शोधायला कोणी येऊ नये म्हणून मी एक अक्कल लढवली. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, वळसा घालून मागच्या दारानं आत शिरलो, सदरा बदलला, मोबाइल गप्प केला, पंखा पाचवर लावला आणि फरशीवर चटई टाकून आडवा झालो. बिल्ला फळीवर तसाच. तो मला आठवलासुद्धा नाही.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. पण बावीस जणांनी मला ते बावीस वेळा ऐकवलंय, शिव्यांसकट, त्यामुळे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

दहाला मॅडम आल्या. जीप, चालक, एक शिपाई, हातात फाइल. सगळे गाळानं माखलेले वर येऊन उभे राहिले, एकेकानं आपापला बिल्ला काढला. काका स्टार्टरकडे गेले, पालथा हात लावला, आणि वर फळीकडे बघून थांबले. एक बिल्ला लटकत होता.

"सर कुठं हायेत?" काकांनी विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. कोणी म्हणालं विहिरीत होते, कोणी म्हणालं शेवटचं त्यांना दोरापाशी पाहिलं. एक जण धावत माझ्या घरी गेला आणि धावत परत आला, घराला कुलूप आहे. झालं. माझ्या अकलेनं मला घरातून काढून थेट विहिरीत नेऊन टाकलं. त्या विहिरीत तळाला एक आडवी कपार होती, माणूस वाकून शिरेल एवढी. दोघं खाली उतरले, कपारीत बॅटरी मारली, बांबूनं गाळ ढवळला. कोणी नाही. परत दोघं उतरले, परत नाही. तोवर वर कॉलनीतल्या प्राध्यापकसाहेबांनी, ज्यांनी माझ्याबद्दल आयुष्यात बरा शब्द काढला नव्हता, माणूस तसा दिलदार होता, असं म्हणायला सुरुवात केली होती.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढं आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. त्या काकांना म्हणाल्या, विहीर दोनदा बघून झाली, आत कोणी नाही, मोटर सुरू करा. प्राध्यापकसाहेबांनी हात जोडले. कोणी म्हणालं, मी काढतो सरांचा बिल्ला, पाप माझ्या डोक्यावर. काका फळीसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, आणि यावेळी म्हणे त्यांचा आवाज खरंच साध्या माणसासारखा होता, "बिल्ला त्याच्या हातानंच निघंल."

मॅडम चिडल्या. शेरा लिहायला फाइल उघडली. पाणी दिसलं नाही, एवढंच लिहायचं होतं, की बागेचे गाळे झाले. तेव्हा किसनराव पुढं आले. चार वर्षांत ते पहिल्यांदा सलग चार वाक्यं बोलले, आणि ती माझ्या नशिबी नव्हती. मी फरशीवर घोरत होतो.

त्यांनी सांगितलं ते असं. सेनगावकडच्या एका खेड्यात खांबावरचं काम होतं, हे मदतनीस, काका वायरमन. काम संपलं, सगळे खाली आले. काकांनी डोळ्यांनी मोजलं, चार माणसं, बरोबर. ते बटणाकडे गेले. तेवढ्या वेळात किसनरावांना आठवलं की पक्कड वर राहिली. पक्कड काकांची होती, घरून आणलेली, चांगली. ती आणायला ते परत वर चढले, आणि काकांनी लाइन सुरू केली.

"भाऊंची मोजणी चुकली नव्हती," काकांना भाऊ म्हणणारे किसनराव मॅडमना म्हणाले. "मीच मोजल्यावर वर गेलो. तवापासून भाऊ मोजतच न्हाईत."

मॅडमनी फाइल मिटली. चालकाला सांगितलं, पुढच्यांना कळव, उशीर होईल. आणि कडुनिंबाखाली टोपलीवर बसल्या.

काकांनी मात्र आता पक्कं धरलं की मी पाण्यातच कुठंतरी आहे. स्टार्टर बंद आहे हे त्यांना पुरेना. सबस्टेशनला फोन लावून, जुन्या ओळखीवर त्यांनी कॉलनीची सगळी लाइनच बंद करायला लावली. सगळ्या घरांतले पंखे थांबले. त्यातला एक माझा.

घामानं न्हाऊन मी उठलो. बाहेर सगळीकडे शांतता. घड्याळात अकरा. मग मला तो बिल्ला आठवला, आणि मी मागच्या कुंपणावरून जी उडी मारली, तसली उडी या जिल्ह्यात पुन्हा कोणी मारलेली नाही.

बागेत शिरलो तर सगळे माझ्याकडे बघून उभे. दोन बायका रडत होत्या, मला पाहून त्यांना राग आला. विहिरीत अजून दोघं बांबू मारत होते. मॅडम उठून समोर आल्या. माझ्या सदऱ्यावर गाळाचा एक थेंब नाही, आणि डाव्या गालावर चटईचे वळ.

"कुठं होता तुम्ही?"

आता मी तुम्हाला खरं सांगतो. मला आयुष्यात इतकी सुंदर संधी पुन्हा कधीच मिळाली नाही. प्राध्यापकसाहेब माझ्या मागं येऊन पुटपुटले, "सांगा, व्हॉल्व्ह बघायला मागच्या चेंबरमध्ये उतरलो होतो." बास, एवढंच. चेंबरमध्ये पाइपला हात लावून बसलेला माणूस, वर बिल्ला, काकांनी मोटर सुरू केली असती तर मास्तर गेला असता. बाग वाचली, काका देव झाले, मी हुतात्मा. चेंबरमधला अंधार, पाइपचा गारवा, एक साप, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. बावीस तोंडं माझ्याकडे बघून म्हणत होती, बोल.

मी काकांकडे पाहिलं. ते अजून फळीसमोर हात पसरून उभे होते.

"घरी झोपलो होतो," मी म्हणालो. "कुलूप मीच घातलं होतं. खोटं."

मॅडमच्या चेहऱ्यावरचं मला काही वाचता येईना. मग काकांनी हात खाली घेतले.

"घरी व्हता," ते म्हणाले. "म्हंजे विहिरीत न्हवता. एवढंच पायजे व्हतं मला. काढा सर बिल्ला."

बस. एक शिवी नाही, एक टोमणा नाही. मी बिल्ला काढला. तो उन्हानं इतका तापला होता की बोटांना फोड आले. हे मात्र मी वाढवून सांगत नाही. काकांनी विहिरीतल्या दोघांनाही वर घेतलं, त्यांचे बिल्ले लावायचे राहिले होते म्हणून त्यांना दोन शब्द सुनावले, सबस्टेशनला फोन केला आणि लाइन आल्यावर स्टार्टर दाबला. आधी पाइपनं खोकल्यासारखं केलं, मग चिखल, मग पाणी आलं, मनगटाएवढ्या धारेनं.

मॅडम पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"हे आज आलेच नसते तर?" त्यांनी माझ्याकडे बोट करून काकांना विचारलं.

"बसलो असतो सांजपर्यंत."

"आणि मी निघून गेले असते तर?"

"तुमी निघून गेल्या असत्या."

"बाग गेली असती."

"व्हय," काका म्हणाले. "गेली असती."

पंधरा दिवसांनी आम्हाला कागद मिळाला की गाळे दुसरीकडे होणार, ही जागा बागच राहणार आणि देखभाल कॉलनीकडे. त्यावर प्राध्यापकसाहेबांनी भाषण केलं, मी आणखी मोठं भाषण केलं. पुढं माझी वसमतकडं बदली झाली आणि मी कॉलनी सोडली. पण तिथं होतो तोवर मी दर रविवारी सहाला बागेत हजर होतो. एकही रविवार चुकला नाही; डोळ्यानं मोजलेलं नाही, फळीवर लटकलेलं आहे.

पण तो कागद येणार हे मला एक मेलाच कळलं होतं. मॅडमनी त्या दिवशी धारेखाली ओंजळ धरली, तोंडावर पाणी मारलं आणि पदरानं पुसलं. मग विहिरीच्या काठाशी गेल्या, आत वाकून पाहिलं आणि काकांना म्हणाल्या, त्यांना खाली उतरून ती कपार बघायचीय.

मोटर नुकतीच सुरू झालेली. हळदीच्या वाफ्यात पाणी अजून पोचलंही नव्हतं. काका वळले आणि त्यांनी मोटर बंद केली. मग डब्यातून एक कोरा पत्रा काढला, ब्रश रंगात बुडवला आणि तीस फूट खाली उभ्या असलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं,

"नाव काय लिहू, मॅडम?"